जहाज बघायला

४ जानेवारी २०२६, रविवार

सायली जाणार नाही. सांगून टाकलं. विषय संपला.

५ जानेवारी

विषय संपला नाही. सोमनाथचा पुण्याहून फोन. म्हणतो, "आई, लोकांच्या पोरीचं स्थळ असलं तर तू चार गावं पालथी घालतीस. अन् घरच्या पोरीला न बघताच नाय म्हणतीस?" लागलं मला. लेकच तो, कुठे बोट ठेवायचं ते त्याला बरोबर माहीत.

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल. सायली बावीसची. हॉटेलचं शिकली, स्टेशनजवळच्या हॉटेलात रिसेप्शनला उभी असते. आता तिला एका मोठ्या प्रवासी जहाजावर काम मिळतंय. लोकांच्या खोल्या आवरायच्या. नऊ महिने समुद्रात. वीस तारखेपर्यंत कंपनीला मेलने हो की नाही ते कळवायचं आहे.

माझ्या नणंदेने, फुलंब्रीच्या पारूबाईंनी, ऐकल्याबरोबर कपाळाला हात लावला. "आपली पोरगी लोकायच्या गाद्या झटकायला समुद्रात जाणार व्हय?" मी मान डोलावली. नंतर विचार आला, तीस वर्षं पुंडलिकनगरात मी काय करतेय? गाद्याच झटकतेय ना. तेव्हा कुणी कपाळाला हात लावला नाही.

७ जानेवारी

सोमनाथने तिकिटं काढली. मुंबईहून बोटीने लक्षद्वीप आणि परत. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली त्याचं निमित्त. कंपनी वेगळी, पण बोटीवरचं काम सगळीकडे सारखंच, असं सायली म्हणते. मला म्हणाली, "तू बघून ये आई. तू म्हणशील ते." एवढं शहाणपण ह्या पोरीत कधीपासून आलं?

९ जानेवारी

घर बघणं ही माझी विद्या आहे. भावकीत अकरा लग्नं माझ्या होकारावर जमली, चार माझ्या नकारावर मोडली. मोडली त्या चारही पोरी आज सुखात आहेत.

पुढच्या खोलीत बसून काही कळत नसतं. तिथे सोफा असतो, पोहे असतात, सगळे गोड बोलतात. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठते आणि मागच्या अंगाला जाते. मोरी बघते. सुनेचे हात बघते. सासू बाजूला झाली की सून काय बोलते ते ऐकते. शेवटी शेजारणीकडे जाऊन बसते.

जहाजाला मागचं अंग कुठे असतं, ते सायलीला विचारलं. "खाली असतं आई. पॅसेंजरला तिथं जाऊ देत नाईत." बघू.

१२ जानेवारी, बोटीवर

बोट कसली, अख्खं पुंडलिकनगर उचलून पाण्यात ठेवलंय! अकरा मजले. लिफ्टमध्ये आरसा. यांनी त्यात तीन वेळा भांग पाडला.

धक्क्यावर तपासणी झाली. शेंगदाण्याची चटणी ठेवून घेतली, लोणचं ठेवून घेतलं. संक्रांतीच्या तिळाच्या लाडवांचा डबा उघडला, वास घेतला आणि परत दिला. त्या माणसाचं कल्याण होवो.

खोली आवरायला जोमार नावाचा माणूस. फिलिपिन्स देशाचा. चेहरा हसरा, केस चप्प. हिंदीचे चार शब्द येतात. सायलीने माझ्या फोनमध्ये भाषांतराचं काहीतरी घालून दिलंय, नेट नसलं तरी चालतं. त्यावर भरवसा नाही म्हणून आधी मीच विचारलं. "गाव कौनसा? घर में कौन कौन? जमीन कितनी?" हे मागून म्हणाले, "आशा, तो चादर बदलायला आलाय, सोयरीक करायला नाय." हे वाळूजला कंपनीत होते. जर्मन साहेबांशी बोलून बोलून इंग्रजी सुधारलं, पण ते नटबोल्टांपुरतंच.

शेवटी फोनच पुढे केला. जोमारने सगळं सांगितलं. बेटावर गाव, बायको, सहा वर्षांची मुलगी. जमीन नाही, नारळाची नऊ झाडं. आठ महिने झाले, घरी गेलेला नाही. मी वहीत उतरवून घेतलं. मग पलंगाखाली बोट फिरवून बघितलं. धूळ नाही. तेही लिहिलं. तो दारात उभा राहून माझ्या वहीकडेच बघत होता.

१३ जानेवारी

दिवसभर चौकशी. पाय दुखायला लागले.

सकाळी नाश्त्याला वाढायला वंजिरू आली. केनियाची. तिशीच्या आतबाहेरची असेल, उंच, चालणं सरळ. तिला विचारलं, काम किती तास? जेवायला काय देतात? शिळं देतात का? वरचा माणूस ओरडतो का? झोपायच्या खोलीला आतून कडी आहे का? फोनने तिच्या भाषेत काय सांगितलं देव जाणे, पण तिचं प्रत्येक उत्तर एकच, "एव्हरीथिंग इज एक्सलंट, मॅडम." सासू समोर असताना सून बोलते, अगदी तसंच. वहीत लिहिलं: पोरगी दबलेली आहे, एकटीला गाठायचं.

मग कठड्यांवरून बोट फिरवलं. जिन्याखाली वाकून बघितलं. संडासात जाऊन नळ किती जोरात येतो ते बघितलं. एका भिंतीतच दार होतं, ते ढकललं, तर तीन जण धावत आले.

दुपारी खोलीत फळांची टोपली. तासाभराने दुसरी टोपली. काल जोमारने टॉवेलचा ससा करून ठेवला होता, आज पलंगावर हत्ती होता आणि संध्याकाळी मोर! जेवणाला आमचं टेबल बदलून खिडकीशी दिलं. हे म्हणाले, माझ्या इंग्रजीमुळं.

संध्याकाळी साफसफाईचा मुख्य स्वतः आला. ड्रागान, सर्बियाचा. दारातून वाकून यावं लागतं एवढा उंच. छातीवर हात ठेवून म्हणाला, काही कमीजास्त असेल तर वर कळवायच्या आधी मला सांगा. मला बरं वाटलं. पोरीकडच्यांचा मान ठेवणारी माणसं आहेत. त्याला बसवलं आणि फोन मध्ये धरून विचारून घेतलं. आई आहे, बायको आहे, दोन एकर आलुबुखाराची बाग आहे. पाणी कुठून? तर नदी. गारपीट होते का? तर म्हणाला, गेल्या साली फळांचा सगळा बार झोडपून निघाला. मी म्हटलं, करमाडला आमच्या भावाच्या मोसंबीचं तेच झालं. 

जाता जाता विचारलं, किती वयापर्यंत घेतात कामाला? म्हणाला, तब्येत चांगली असली तर वयाचं काही नाही, धुलाईत एक बाई अठ्ठावन्नची आहे. लिहून घेतलं. सायली बावीसचीच आहे, पण विचारलेलं बरं असतं.

१४ जानेवारी, संक्रांत

आज माझा असा अपमान झाला की सांगायची सोय नाही.

बोट लक्षद्वीपपाशी थांबली. सगळे छोट्या होड्यांत बसून बेट बघायला गेले. हेही गेले, टोपी घालून. मी राहिले. काळी साडी नेसले, डबा घेतला आणि निघाले. जोमार समोरच होता. "तिळगुळ घे बाबा, गोड बोल." त्याने दोन्ही हात मागे घेतले. "सॉरी मॅडम. नॉट अलाउड." म्हटलं, लाजतोय. पुढे वंजिरू. तिनेही हात मागे. मग ड्रागान आला. त्याच्यापुढे डबा धरला तर तो एक पाऊल मागे सरला आणि वर मोठ्या अभिमानाने म्हणाला, "बघा मॅडम, आमची माणसं नियम पाळतात."

सात जण. सात जणांनी संक्रांतीच्या दिवशी तिळगुळ नाकारला. आमच्या गल्लीत ज्यांची बांधावरून कोर्टात केस चालू आहे, तेसुद्धा आज एकमेकांचा लाडू घेतात. खोलीत येऊन दार लावलं आणि रडले. इतकी माणसं भेटली ह्या बोटीवर आणि माझा एक लाडू कुणाला चालेना.

तेवढ्यात दारावर टकटक. वंजिरू, चहा घेऊन. माझे डोळे बघून घाबरली. फोन माझ्यापुढे धरला. मी जे आलं ते बोलले. की बाई, तुमच्या बोटीत मला लई माणुसकी दिसली, पण सणाच्या दिवशी असं करायला नको होतं. लेकीला इथे पाठवू का नको म्हणून मी बघायला आले आणि तुम्ही मला दारातून परत पाठवलं.

ती फोनकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "यू आर नॉट फ्रॉम हेड ऑफिस?"

कसलं हेड ऑफिस! मी पुंडलिकनगरची!

मग कळलं. ह्या बोटींवर म्हणे कंपनी चोरून तपासनीस पाठवते, साध्या प्रवाशाच्या वेशात. पलंगाखाली बोट फिरवणारी, वहीत लिहिणारी, खोदून खोदून विचारणारी बाई दिसल्यावर जोमारने पहिल्याच दिवशी खाली जाऊन सांगितलं होतं, आलीय. दोन दिवस अख्खी बोट माझ्यामुळे कडक इस्त्रीत होती. प्रवाशाच्या हातचं काही खायचं नाही असा नियम आहे, आणि लाडू म्हणजे मी त्यांची परीक्षा घेतेय असं सगळ्यांना वाटलं.

वंजिरूने दार आतून लोटलं. जमिनीवर बसली, माझ्याजवळ. डब्यातला लाडू घेतला, खाल्ला. दुसरा घेतला. तिसरा रुमालात बांधला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या डोळ्यांतलं होतंच.

मग ती खरं बोलली. पहिले तीन महिने रोज न्हाणीत जाऊन रडायची. दहा-अकरा तास काम, रविवार नाही. दोघींत एक खोली, खिडकी नाही, एकावर एक पलंग आणि मध्ये पडदा. तिचे हात बघितले. साबणाच्या पाण्याने पेरं फुटलेली. मी माझे हात तिच्या हातांशेजारी ठेवले. फारसा फरक नव्हता.

म्हणाली, "पण खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. पगार माझ्या नावावर येतो. बंदरावर उतरले की कुठे चाललीस असं कुणी विचारत नाही." चौतीस देश बघून झालेत तिचे. आई गावाकडे शेळ्या राखते. वंजिरू पहिल्यांदा निघाली तेव्हा ती आई दोन दिवस चालत शहरात गेली होती, आणि नोकरी लावणाऱ्या एजंटच्या ऑफिसात न जाता थेट त्याच्या बायकोला जाऊन भेटली. नवरा कसा माणूस आहे म्हणून.

वा! काय बाई असेल! मी वंजिरूला हळदीकुंकू लावलं आणि तिच्या आईसाठी नमस्कार सांगितला.

१५ जानेवारी

बातमी बोटभर झाली. सकाळी हत्ती नाही, मोर नाही, दोन साधे टॉवेल. फळांची टोपली मात्र जोमारने राहू दिली. लाडू खाताना म्हणाला, "मॅडम, आय नो स्लीप टू नाइट्स." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

ड्रागान आला तो तोंड पाडून. मला वाटलं रागावणार. पण सायलीचं ऐकल्यावर म्हणाला, माझी आई इथे असती तर तिने ह्याहून जास्त तपासलं असतं. बोटीवर स्वयंपाकघर दाखवायची सोय आहे, त्यात त्याने आमची नावं घातली आणि वरच्यांना विचारून पुढचं दारही उघडलं. मागचं अंग! अखेर!

वरची गालिच्याची मजा खाली नाही. लोखंडी जिने, पांढऱ्या भिंती, पाइप. पण स्वच्छ. लांबच लांब वाट आणि सगळे जण पळत असतात. त्यांच्या जेवणाच्या खोलीत भाताचं पातेलं बघितलं, आमच्याकडच्या लग्नात असतं तेवढं. भात गरम होता. मी हात लावून बघितला. बायका एका टेबलावर बसून कशावर तरी खदाखदा हसत होत्या. आम्हाला बघून थांबल्या नाहीत. ते मला फार आवडलं.

धुलाईत ती अठ्ठावन्न वर्षांची बाई भेटली. सुहार्ती, इंडोनेशियाची. चादरींच्या घड्या घालत होती. मला राहवेना. चादरीची दोन टोकं मी धरली, दोन तिने, आणि पहिल्याच फटक्यात कोपऱ्याला कोपरा. शब्द बोलायची गरजच पडली नाही. अशा अकरा चादरी झाल्या. हे कंटाळून एका टोपलीवर बसले. ड्रागान म्हणाला, "व्हेरी गुड. यू स्टार्ट मंडे." सगळे हसले, मीही हसले. नंतर खोलीत येऊनही ते आठवून हसू येत होतं.

डबा रिकामा झाला.

१६ जानेवारी

मुंबईला उतरलो. जोमारने फोनमध्ये दोन वेण्या घातलेल्या लेकीचा फोटो दाखवला. वंजिरूने मिठी मारली. धक्क्यावरून मागे वळून बोटीकडे बघत राहिले, तर हे म्हणाले, "चल, रेल्वे चुकंल." रेल्वेत वही उघडून सगळं परत वाचलं. बाजूने काय, विरुद्ध काय. सगळं मांडलं तरी उत्तर माझ्या तोंडावर आधीच येऊन बसलेलं होतं.

१७ जानेवारी

जेवण झाल्यावर सायलीला समोर बसवलं. काही लपवलं नाही. बिनखिडकीची खोली सांगितली, फुटलेली पेरं सांगितली, न्हाणीतलं रडणंही सांगितलं. मग किल्ली सांगितली, चौतीस देश सांगितले, टेबलावर हसणाऱ्या बायका सांगितल्या. आणि म्हटलं, "माझा होकार आहे. जा तू."

पोरगी नुसतं "बरं" म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. आनंदाने कसं बोलायचं ते सुचलं नसेल. हे म्हणाले, "तूच का ती, दहा दिवसांपूर्वीची?"

पारूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "वैनी, तुम्हाला समुद्राची हवा बाधली." मी म्हटलं, बाधली तर बाधली.

१८ जानेवारी

सायलीसाठी मोठी बॅग बघून आले, गुलमंडीच्या बाजारात. चाकांची, निळी. तिला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

१९ जानेवारी

संध्याकाळी कामावरून आली ती तशीच पर्स खांद्यावर ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली. मी कणीक मळत होते. म्हणाली, "आई, तू नाय म्हणशील असं मला पक्कं वाटलं व्हतं."

मग सगळं बाहेर आलं. मैत्रिणींनी अर्ज केले म्हणून हिने केला. निवड फक्त हिचीच झाली.  पाण्याची भीती वाटते, घराबाहेर करमत नाही, ह्या गावातच राहायचं आहे. पण घाबरले असं सांगायची लाज वाटली, म्हणून सगळ्यांना सांगत सुटली, "आईच जाऊ देत नाय." मी चार तारखेला नाही म्हणाले तेव्हा हिने म्हणे सुटल्यासारखा श्वास घेतला होता. मधे सोमनाथने तिकिटं काढून घोळ केला. तरी हिला वाटलं, आई जाईल, धूळ शोधून काढील, चार नावं ठेवील आणि पाचव्यांदा स्थळ मोडील.

"आता तूच परत नाय म्हण ना," म्हणाली. "तुझं कुणी काय वाईट वाटून घेणार नाय. सवय आहे लोकायला."

मी कणकेचे हात धुतले. म्हटलं, "नाय म्हणायचं तर तू म्हण. माझ्या नावावर नको. राहायचं म्हणून राहतीस, त्याच्यात लाजायचं काय?" तिने मान हलवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. 

२० जानेवारी

सायलीने सकाळी मेल पाठवला. स्वतःच्या नावाने, नाही म्हणून. मोकळी झाली. गुणगुणत कामावर गेली.

मला बरं वाटायला हवं होतं. गाद्या झटकताना रडू फुटलं. यांनी विचारलं, "पोरगी घरीच राहिली की. आता काय झालं?" काय सांगणार यांना! तो होकार सायलीसाठी नव्हताच. जायचं मला होतं.